चार स्क्रीन, एक खुर्ची

अभयला एक खोड होती आणि ती त्याने आयुष्यभर गुण म्हणून मिरवली. दुसऱ्याची चूक दिसली की त्याला राहवत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने मीठ भलतीकडे वाढलं, की हा भर पंगतीत त्याला पानाची डावी-उजवी बाजू समजावणार. रिक्षावाल्याने लांबचा रस्ता धरला तर बोलणं ठीकच आहे, पण जवळचा धरला तरी त्याहून जवळचा याला ठाऊक असणार. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मापं तपासायच्या कामावर होते. सूतभर फरक निघाला की माल परत पाठवायचे आणि घरी येऊन ते एकदाच सांगायचे. पोराने तेवढं बरोबर उचललं. आपलं काम झाल्यावर गप्प बसायची वडिलांची सवय मात्र खडकीच्या क्वार्टरमध्येच राहिली.

वय त्रेपन्न. नोकरी मार्केट यार्डात, रावसाहेबांच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत. रावसाहेब मूळचे लोणी काळभोरचे. भाजी, फळं, दूध, आइस्क्रीम असला माल थंड कंटेनरमधून नेणाऱ्या त्यांच्या साठेक गाड्या होत्या. गोदामाच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, तिला सगळे कंट्रोल रूम म्हणत. म्हणायला काय जातंय. चार टेबलं, चार कम्प्युटर आणि चार बायका. प्रत्येकीच्या स्क्रीनवर एकेका रस्त्याच्या गाड्या: सोलापूर, सातारा, नाशिक, मुंबई. कुठली गाडी कुठे पोचली आणि तिच्या कंटेनरमधली थंडी किती, हे ठिपक्यांवर आणि आकड्यांवर दिसायचं. ठिपका फार वेळ हलला नाही किंवा आकडा चढायला लागला, की ड्रायव्हरला फोन लावायचा. त्या बायका फोन लावायच्या आणि ते कम्प्युटर चालते ठेवायचं काम अभयचं.

सोलापूरच्या स्क्रीनवर कौशल्या होती. तिचा नवरा याच कंपनीत ड्रायव्हर होता. सात वर्षांपूर्वी इंदापूरच्या पुढे पहाटे त्याचा डोळा लागला आणि गाडी उलटली. रावसाहेबांनी तिला ही खुर्ची दिली, आणि हे मात्र त्यांच्या नावावर मांडायलाच हवं. मुलगी नर्सिंगला दुसऱ्या वर्षाला होती आणि घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. कौशल्याला कम्प्युटरमधलं फारसं कळत नसे, माउस तर ती अजून लाटण्यासारखा दाबून धरायची. पण ड्रायव्हरने फोनवर नुसतं हॅलो म्हटलं की तो झोपेला आलाय का, हे तिला समजायचं. एकदा दत्तोबा नावाच्या जुन्या ड्रायव्हरला तिने भिगवणला गाडी बाजूला घ्यायला लावली होती. "दत्तोबा, आवाज जड येतोय तुमचा. तासभर आडवे व्हा, मी मालकांना सांगते." दत्तोबा आधी कुरकुरला, मग झोपला. उठल्यावर त्याने फोन करून सांगितलं, की ताई, मला आठवतंच न्हाय बघा मागचे पाच-सहा मैल.

हे असलं काही स्क्रीनवर दिसत नाही. म्हणून ते कुणाच्या हिशेबातही नव्हतं.

रावसाहेबांची लेक प्रियदर्शनी बाहेरून मॅनेजमेंट शिकून आली आणि कंपनीत बसायला लागली. मुलगी हुशार, बोलायला नेमकी. आठवडाभर ती कंट्रोल रूमच्या दारात वही घेऊन बसली आणि सोमवारी तिने अभयला बोलावलं.

"अभयकाका, या चौघी निम्मा वेळ स्क्रीनकडे नुसत्या बघत बसतात. चारही स्क्रीन एकाच मशीनला लावायच्या आणि एकीने बघायच्या."

"एका कम्प्युटरला चार मॉनिटर?"

"दोन ग्राफिक्स कार्डं टाकायची. प्रत्येकाला दोन-दोन. माझ्या आत्येभावाचं गेमिंगचं दुकान बंद पडलंय, त्याच्याकडून दोन आणलीत. वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत, पण चालतात म्हणे." तिने टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन कार्डं ठेवली. "गुरुवारी बाबांना दाखवू."

"आणि बाकीच्या तिघी?"

"त्यांचं बघू."

पुण्यात ज्याचं बघू म्हणतात, त्याचं काय होतं हे अभयला कुणी सांगायला नको होतं. कार्डं उचलून तो वर आला, तर चौघींना बातमी आधीच लागलेली. त्यातल्या ऋतुजा आणि संस्कृती गप्प बसल्या होत्या. आनंदी, सगळ्यांत लहान, नखं खात होती. कौशल्या तेवढी त्याच्या टेबलापाशी आली.

"अभयदादा, होतं का हो असं खरंच?"

अभयने कार्डं उलटीसुलटी करून पाहिली. होत होतं. आरामात होत होतं. जादा म्हणून ठेवलेल्या सगळ्यांत जुन्या कम्प्युटरच्या डब्यातसुद्धा दोन लांब खाचा होत्या, आणि दोन्ही कार्डांना लागणाऱ्या जादा पॉवरच्या दोन वायरीही त्यात होत्या. त्याला अर्धा तास पुरला असता. त्याने कौशल्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक बरोबर उत्तर गिळलं.

"मशीन जुनं आहे. नाही घेणार," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग फक्त मान हलवून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे यालाही कळलं होतं.

गुरुवारी त्याने रावसाहेबांना आणि प्रियदर्शनीला प्रयोग दाखवला. आदल्या दिवशीच त्याने पॉवरची दुसरी वायर हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यामागे सारून काळ्या प्लास्टिकच्या टायने घट्ट बांधून टाकली होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या डब्यात अशी वायर एकच आहे. दोन्ही कार्डं बसवली, चार जादा मॉनिटर जोडले, बटण दाबलं. दोन स्क्रीन उजळल्या. दुसऱ्या कार्डाचा पंखा गरगर फिरला, पण त्याचे दोन्ही मॉनिटर काळे ते काळेच. अभयने वायरी हलवून दाखवल्या, कार्डांच्या जागा बदलून दाखवल्या, कपाळाला आठ्या पाडल्या. चोख काम केलं पठ्ठ्याने.

"न्हाय म्हनतंय, तर कशापायी त्याच्या मागं लागायचं?" रावसाहेब म्हणाले.

प्रियदर्शनी मशीनपाशी आली. तिने मोबाइलवर त्या काळ्या स्क्रीनचा फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी कौशल्याने त्याच्या टेबलावर एक डबा ठेवला. "शेवग्याची आमटी जास्त झाली होती," एवढंच म्हणाली. अभयने ती दोन वाट्या ओरपली आणि त्याला फार बरं वाटलं. आपण चांगला माणूस आहोत असं त्याला क्वचितच वाटायचं. बहुतेक वेळा आपण बरोबर आहोत एवढ्यावरच त्याचं भागायचं.

मंगळवारी प्रियदर्शनीने टिळक रोडवरच्या एका दुकानातून विश्वजीतला आणलं. तिशीचा, दुकानाचं नाव छापलेला टी-शर्ट, कमरेला अवजारांचा पट्टा. आल्या आल्या त्याने डबा उघडला, आत टॉर्च मारली आणि हसला.

"काका, ही जोडणी तुमचीये? गोधडी शिवलीये राव तुम्ही. वायरींचं मॅनेजमेंट काहीच नाही."

अभयच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण तो आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. भिंतीशी रावसाहेब खुर्ची टाकून बसले होते, शेजारी प्रियदर्शनी उभी. चौघी आपापल्या स्क्रीनकडे तोंड करून बसल्या होत्या, पण कान सगळे इकडे. सोलापूरची एक गाडी पाटसला वीस मिनिटं उभी होती आणि कौशल्याने फोन लावला नव्हता. तिच्या हातून असं कधी होत नसे.

विश्वजीतने कार्डं बसवली. पहिल्यांदा एका मॉनिटरची वायर चक्क डब्याच्या मूळ पोर्टात खुपसली, जिथून कार्ड टाकल्यावर काही येतच नाही. अभयने डोळे मिटून घेतले. मग दहा मिनिटांनी त्याला ते उमगलं आणि त्याने ती काढून कार्डाला लावली. पुन्हा बटण. दोन स्क्रीन उजळल्या, दोन काळ्या. त्याने हे केलं, ते केलं, मोबाइलवर कुणाला तरी विचारलं, घाम पुसला. पॉवरची वायर एकच आहे हे त्याला दिसलं. दुसरी कुठे असेल हे बघायला हात पिंजऱ्यामागे घालावा लागला असता, आणि हात घालण्यापेक्षा नवीन मशीन विकणं दुकानाच्या फायद्याचं.

"मॅडम, या डब्यात दम नाही. सगळाच भंगार आहे. नवीन सिस्टीमच घ्या, मी आजच कोटेशन पाठवतो."

"नवीन काय न्हाय," रावसाहेब म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले. "हाय त्यात हुतं म्हनून म्या हो म्हनलं. हुईत न्हाय, तर ऱ्हाऊ दे. हायत त्या पोरी, करत्यात बिचाऱ्या."

झालं. संपलं होतं. आनंदीने सोडलेला श्वास अभयला ऐकू आला. कौशल्याने हेडफोन कानाला लावला आणि पाटसच्या गाडीला फोन लावायला घेतला. रावसाहेब दारापर्यंत पोचलेसुद्धा. आणखी पाच पावलं, आणि चार घरांत चार पगार चालू राहिले असते.

पण विश्वजीतला पट्टा आवळता आवळता बोलायची हौस आली. "आधी असं कुणी काही करून ठेवलं ना, की मग आपल्यालाही त्यात काही करता येत नाही. काकांची चूक नाही म्हणा. त्यांच्या वेळी हे नव्हतंच. त्यांना जमणार तरी कसं?"

प्रियदर्शनी हलक्या आवाजात वडिलांना म्हणाली, "मी म्हटलं होतं ना बाबा. यांना आपण नुसतं सांभाळून घेतोय."

आणि रावसाहेब हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. म्हातारा बैल गोठ्यात ठेवतात, त्याच्याकडे बघून माणूस हसतो, तसं.

अभय उठला.

कौशल्याने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, पण ड्रायव्हरच्या एका हॅलोवरून जी ओळखायची, तिला एवढं ओळखायला वेळ लागला नाही. तिने हेडफोन काढला.

"अभयदादा, खाली चहा आलाय. चला ना, चहा घेऊ."

"तुम्ही व्हा पुढे."

"गार होईल हो." ती खुर्चीवरून उठली. "चला ना दादा."

त्याने ऐकलं. ऐकलं नाही असं त्याला पुढे कधीच म्हणता आलं नाही. तिने दोनदा चला म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याने ते स्पष्ट ऐकलं होतं.

"सरक," तो विश्वजीतला म्हणाला. "आणि बघ. दुकानात जाऊन सांगायला उपयोगी पडेल."

त्याने ड्रॉवरमधून कात्री काढली. हात पिंजऱ्यामागे घातला, टाय कापला आणि दुसरी वायर बाहेर ओढली. ती कार्डाला लावली. मशीन चालू करताना आतल्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही कार्डं जागी केली. एका कंपनीचं सॉफ्टवेअर आधी टाकायचं आणि दुसरीचं नंतर, नाहीतर ती एकमेकांत भांडतात, हे तो मोठ्याने सांगत गेला. शाळेतल्या मास्तरासारखा, एकेक शब्द सुटा करून. वीस मिनिटांत तिसरी स्क्रीन उजळली. मग चौथी. त्यावर तो थांबला का, तर नाही. चारही मॉनिटर एका ओळीत मांडले, त्यांचे क्रमांक लावले, एकाच्या कडेवरून माउस सरळ पुढच्यावर जातो की नाही ते पाहिलं. दुसरी आणि तिसरी उलटसुलट झाली होती तीही जागच्या जागी आणली. नाशिक, मुंबई, सातारा, सोलापूर. साठ गाड्यांचे हिरवे ठिपके एका टेबलावर हलायला लागले.

"वा, अभयदादा," आनंदीच्या तोंडून निघून गेलं आणि तिने टाळी वाजवली. एकदाच. मग तिला बाकीच्या तिघींचे चेहरे दिसले आणि तिने हात मांडीखाली दाबून धरले.

"जमतं म्हणायचं काकांना," अभय विश्वजीतकडे बघून म्हणाला. विश्वजीतने सॉरी काका म्हणून हात जोडले, आणि अभयची छाती फुगली. खरंच फुगली. त्या क्षणी खोलीत कोणकोण बसलंय हे तो विसरला होता.

प्रियदर्शनीने टेबलावरचा कापलेला काळा टाय उचलला. "काका, ही वायर गुरुवारीही इथेच होती?"

अभयने कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली.

"असो," ती म्हणाली आणि टाय कचऱ्याच्या डब्यात टाकला. "झालं ना काम. थँक यू."

आनंदीला ठेवलं, कारण तिचा हात माउसवर सफाईने चालायचा. बाकीच्या तिघींना महिनाअखेरपर्यंतचं सांगितलं. प्रियदर्शनी नीट बोलली, बसवून बोलली, आणि तेवढंच केलं.

मधे खंडेनवमी आली. दरवर्षीप्रमाणे गाड्यांना हार घातले, लिंबू-मिरच्या बांधल्या, आणि या वर्षी रावसाहेब म्हणाले की वरच्या त्या चार पडद्यांचीबी पूजा करा. टेबलापुढे रांगोळी कौशल्याने काढली, कारण तीच नेहमी काढायची आणि काढू नका असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. अभयने मॉनिटरांवर झेंडूचे हार चढवले. रावसाहेबांनी सगळ्या ड्रायव्हर-हमालांसमोर त्याला शाल आणि नारळ दिला. "आमच्या अभयरावांनी टिळक रोडच्या मानसाला धडा शिकिवला," असं कौतुकाने सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रांगोळीच्या पलीकडे कौशल्या उभी होती. टाळ्या तिनेही वाजवल्या.

घरी बायकोने, सरोजिनीने, शालीची घडी उलगडून पाहिली. "कशाबद्दल दिली?"

"कामाबद्दल."

"काय काम केलंत एवढं?"

तो हातपाय धुवायला गेला. एरवी तो या प्रश्नावर तासभर बोलला असता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी कौशल्या आपलं सामान आवरत होती. सामान ते काय, खुर्चीवरची उशी, पाण्याची बाटली, ड्रायव्हरांचे नंबर आणि त्यांच्या पोराबाळांची नावं लिहिलेली एक वही. ती वही तिने आनंदीच्या हातात दिली. अभय दाराशी घुटमळत राहिला. चार दिवस मनात जुळवलेलं वाक्य अखेर त्याने बोलून टाकलं.

"कौशल्याताई, आज ना उद्या दुसऱ्या कुणी केलंच असतं हे."

"केलं असतं," ती म्हणाली.

"मग?"

"मग दुसऱ्याने केलं असतं." तिने उशी पिशवीत कोंबली. "तुम्ही फार छान लावलंत हो दादा. एक वायर दिसत नाही कुठे."

आणि ती जिना उतरून गेली. त्या बोलण्यात अभयला दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

दिवाळीनंतर माल वाढला. एका आनंदीला चार रस्ते झेपेनात, तेव्हा प्रियदर्शनीने अभयला सांगितलं की तुम्ही नाहीतरी बसूनच असता, एक फोन तुम्ही घेत चला. म्हणून तो आता आनंदीच्या शेजारी स्टुलावर बसतो. चौथ्या स्क्रीनपुढे. सोलापूरच्या.

परवा दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. स्क्रीनवर भिगवणपाशी एक ठिपका उभा होता.

"हॅलो, ताईंना द्या की," दत्तोबाचा आवाज. तो दोन महिने नाशिककडच्या गाडीवर होता, नुकताच या रस्त्याला परत आला होता.

"मी अभय बोलतोय. काय काम होतं?"

"काम काय न्हाय. हितं थांबलो हुतो. म्हनलं ताईशी बोलावं जरा. रजेवर हायत का?"

अभयने वहीकडे पाहिलं. दत्तोबाच्या नावापुढे कौशल्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं: दोन मुली, धाकटीला दमा, दुपारी जेवल्यावर झोप येते.

"हो," तो म्हणाला. "रजेवर आहेत."

"कधी येत्याल?"

"येतील लवकरच."

"बरं. सांगा दत्तोबा इचारत हुता म्हनून. निघतो मग मी, का थांबू?"

दत्तोबा उत्तराची वाट बघत होता. अभयने फोन कानाला घट्ट दाबला. आवाज जड होता की नेहमीचाच होता, त्याला काही केल्या कळेना. शेजारी आनंदी दुसऱ्या दोन फोनांवर एकदम बोलत होती. चारही स्क्रीन लख्ख उजळलेल्या होत्या.

"तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला.

फोन बंद झाला. थोड्या वेळाने ठिपका हलला आणि इंदापूरच्या दिशेने निघाला.